ओ-पेअर आणि एक पेर पाणी

प्रस्तुत लेखक बंगळुरात राहतो ही गोष्ट त्याच्या नातेवाइकांना एरवी आठवत नाही. लग्नाच्या पत्रिका त्याच्या तीन घरांपूर्वीच्या पत्त्यावर जातात आणि बारशाचे पेढे हुबळीच्या पुढे येत नाहीत. पण कुणाचं परदेशाचं तिकीट निघालं की बेळगाव, निपाणी, मिरज, सांगली असा सगळा टापू एकदम जागा होतो. "तू बंगळूरलाच की! मग विमानतळ तुझ्या दारातच की!"

दारात म्हणजे पंचेचाळीस किलोमीटरवर. लेखक बनशंकरीला, विमानतळ देवनहळ्ळीला. २४ मे २००८ पर्यंत विमानं शहरातल्या एचएएलच्या धावपट्टीवर उतरत होती. त्या दिवशी सगळा पसारा देवनहळ्ळीला गेला. आता विमान दीड तासात पुण्याला पोचतं आणि तेवढ्याच वेळात लेखकाची गाडी हेब्बाळच्या पुलापर्यंत पोचते.

देवनहळ्ळी तसं नामांकित गाव. टिपू सुलतानचा जन्म तिथला, जुना किल्ला अजून उभा आहे आणि तिथल्या पपनसाला भौगोलिक मानांकनही आहे. लेखकाच्या घराण्यात मात्र देवनहळ्ळीचा अर्थ एकच: पोरं सांभाळायला जायची जागा. गेल्या सहा वर्षांत त्यानं तिथं अकरा आज्या पोचवल्या. कुणी डॅलसला बाळंतपणाला, कुणी मेलबर्नला सुनेची रजा संपली म्हणून. कार्यक्रम ठरलेला. पाहुणी सकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं येते, दिवसभर बॅगा उघडते, बॅगा बंद करते, आणि रात्री दहाला, लेखकाला गाढ झोप येण्याच्या बेतात असताना, "निघायचं का?" असं विचारते.

गेल्या वर्षी मात्र एका रात्रीत दोघी निघाल्या, आणि त्यातली एक तेवीस वर्षांची होती.

ती लेखकाची भाची. बेळगावला बी.कॉम. झाली आणि एका रात्री जेवताना म्हणाली, "मी ओ-पेअर म्हणून जर्मनीला चाललेय."

"रिपेअर?" आजीनं विचारलं. आजी म्हणजे लेखकाची आई, वय सहासष्ट, डावा कान जरा बेताचा. "कसलं रिपेअर?"

भावोजींनी घास हातातच ठेवून पंख्याकडे बघितलं. "पेअर म्हणजे जोडी. कुणाशी जमवलीस?"

शब्द फ्रेंच आहे, त्याचा अर्थ 'बरोबरीनं', हे भाचीनं समजावून सांगितलं. परक्या देशातल्या घरी राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, थोडंफार घरकाम करायचं आणि त्या बदल्यात राहणं, जेवण, हातखर्च आणि भाषा. नोकर म्हणून नाही, घरातलं माणूस म्हणून. युरोपातल्या काही देशांनी १९६९ साली स्ट्रासबर्गला यावर रीतसर करारसुद्धा केला होता. भावोजी वकिलाकडे कारकुनी करून निवृत्त झालेले. करार म्हटल्यावर ते निम्मे शांत झाले. ताई नाही झाली.

"स्वतःचं ताट उचलायला हिला दोनदा सांगावं लागतं. ही दुसऱ्यांच्या पोरांची ताटं उचलणार!"

"आई, तिथं डिशवॉशर असतो."

"मग तुझं काय काम?"

पण भाची हट्टाची. जर्मनीत ओ-पेअर व्हायचं तर निदान ए-वन पातळीपुरती भाषा यावी लागते. तिनं शिकवणी लावली आणि घरभर लिंगांचा घोळ सुरू झाला. जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी. आणि मुलगी, मेडशेन, चक्क नपुंसकलिंगी. "मुलीला नपुंसकलिंग! काय भाषा म्हणायची ही!" ताई म्हणाली. आजी शांतपणे शेंगा सोलत होती. "आपल्याकडं तरी काय? कार्टं नपुंसकलिंगीच की."

मग यजमानीणबाईंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली. मुलं दोन, चार वर्षांचा आणि दोन वर्षांची. पोहता येतं का? येत नव्हतं. सायकल? येत होती, पण शेवटची सातवीत चालवलेली. स्वयंपाक? भाचीनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "राइस."

फोन ठेवला आणि ती आजीकडे धावली.

"सोपं आहे," आजी म्हणाली. "तांदूळ धुवायचे, भांड्यात सारखे करायचे, वर बोट टेकवायचं आणि एक पेर पाणी."

"कुठलं बोट?"

"मधलं."

"माझं पेर की तुझं?"

आजीच्या हातचा भात तीन पिढ्यांनी खाल्ला होता. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दोघींनी बोटं शेजारी धरून बघितली. आजीचं पेर आखूड आणि जाड, नातीचं लांबट. पहिल्या दिवशी भात झाला तो गच्च, दुसऱ्या दिवशी त्याची पेज झाली, तिसऱ्या दिवशी भाचीनं पट्टी आणली आणि वहीत नोंद केली: अडीच सेंटिमीटर. आजीनं ती वही चष्मा लावून वाचली. "हे बरं झालं. आता ओ-पेरला कुणी भीत नाही."

तोपर्यंत कुणालाच कल्पना नव्हती की खरा घोटाळा आजीच्या बाजूनं होणार आहे. त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून लेखकाच्या धाकट्या भावाचा फोन आला होता. दुसरं बाळ येणार, आईला पाठव, तिकीट काढतो. आजीची ही तिसरी खेप. घरातल्या सगळ्यांना हे पंचांगासारखं वाटलं: पाऊस आला की भात लावायचा, बाळ आलं की आजी लावायची. फ्रँकफर्टपर्यंत नात आणि आजी एकाच विमानात बसतील, तिथून आजी पुढं. सोबतही झाली. घरात आनंदीआनंद.

मग एका दुपारी भाचीनं तिचा करार मोठ्यानं वाचून दाखवला. आजी मेथी निवडत होती.

"आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम नाही."

"दिवसाला?"

"आठवड्याला गं, आज्जी. दिवसाला जास्तीत जास्त सहा."

मेथीची काडी हातातच राहिली.

"आठवड्यातून दीड दिवस सुटी. चार संध्याकाळी मोकळ्या. महिन्यातून एक तरी रविवार पूर्ण सुटीचा. वर्षाला चार आठवडे पगारी रजा. स्वतंत्र खोली, निदान आठ चौरस मीटर, खिडकी असलेली. विमा ते काढणार. महिन्याला २८० युरो हातखर्च आणि भाषेच्या शिकवणीला वर ७० युरो."

आजीनं परात बाजूला सारली. मागच्या खेपेला न्यू जर्सीत ती सहा महिने नातवाच्या खोलीत झोपली होती. ती खोली आठ चौरस मीटरांहून मोठी होती, पण तिच्यात एक पाळणा, एक रबरी डायनासोर आणि रात्री अडीचला सुरू होणारा भोंगा होता. तासांचा हिशेब तिनं कधी केला नव्हता. तो तिनं त्या दुपारी बोटांच्या पेरांवर केला, आणि पेरं अपुरी पडली.

"अमेरिकेत काय देतात बघ गं."

भाचीनं शोधलं. अमेरिकेत ही योजना १९८६ पासून आहे. तिथं आठवड्याला ४५ तास, दिवसाला दहा, आणि आठवड्याचा किमान हातखर्च १९५ डॉलर ७५ सेंट. तीन महिन्यांच्या आतलं बाळ ओ-पेअरच्या एकटीच्या हवाली करता येत नाही. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर तान्ह्या बाळांना सांभाळल्याचा निदान २०० तासांचा लेखी अनुभव लागतो.

"लेखी?" आजी म्हणाली. मग लेखकाकडे वळून, "अरे, तुझी एकट्याची पोटदुखीच दोन महिने चालली होती. कुणाची सही घ्यायची होती मी? ओव्याच्या अर्काच्या बाटलीची?"

लेखक योगायोगानं त्या दिवशी बेळगावला होता. आपलं पोट हा कुटुंबात अजून चर्चेचा विषय आहे हे त्याला तेव्हा कळलं.

"मग माझा अर्ज भर की."

तिथं अडलं. वयाची अट अठरा ते सव्वीस. आजीनं ती उदारपणे सोडून दिली. चाळीस वर्षं इकडे-तिकडे, असं तिचं म्हणणं. पण जर्मन नियमांत आणखी एक कलम निघालं: ओ-पेअर यजमान कुटुंबाची नातलग असता कामा नये.

आजीनं ते कलम दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे परक्याचं पोर सांभाळलं तर सुटी, खिडकी आणि २८० युरो. आणि आपलं सांभाळलं तर?"

"तर तू आज्जी," भाची म्हणाली. नियमात इतकंच होतं.

रात्री न्यू जर्सीला फोन लागला. आजीनं संध्याकाळींचा विषय काढला. धाकटा हसला. "आई, तू काय कामाला येतेस का? तू आरामाला येतेस."

"मागच्या वेळचा आराम अजून गुडघ्यातून उतरला नाही, राजा."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग सूनबाईंचा आवाज आला. त्या तिकडे एका बँकेत ताळेबंद बघतात. तडजोड कुठं करायची हे त्यांना चांगलं कळतं. "आई, बरोबर आहे तुमचं. रविवार पूर्ण तुमचा. दोन संध्याकाळी तुमच्या. रात्रीचं बाळाचं आम्ही बघू." धाकट्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं, कारण पलीकडे "तू थांब" असं ऐकू आलं. तोंडी करार झाला. भावोजींना तो स्टँपपेपरवर हवा होता, पण त्यांचं ते सवयीचं आहे.

मग आली तालीम. आजीकडे दहा वर्षांचा व्हिसा होता, पण तिकडच्या इमिग्रेशनच्या खिडकीशी उत्तरं द्यावी लागतात, आणि तिथं काय बोलू नये याचं या कुटुंबात एक तोंडी शास्त्रच तयार झालं आहे. पाहुणा म्हणून जाणाऱ्यानं काम हा शब्द उच्चारायचा नाही. बाळंतपण म्हणायचं नाही, बेबीसिटिंग तर नाहीच नाही. नातवंडांना भेटायला आले, मुलाकडे राहणार, नायगारा बघणार. प्रस्तुत लेखक टाय लावून खुर्चीत बसला आणि अधिकारी झाला.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"नायगारा."

"यू हॅव सीन नायगारा?"

"ट्वाइस."

"देन व्हाय अगेन?"

आजी विचारात पडली. मग म्हणाली, "बसा की तुम्ही आरामात. चहा टाकते." अधिकाऱ्याला चहा मिळाला, पण अधिकारी नापास झाला. खोटं नाही हो, भेटायला तर ती खरंच जाते. फक्त भेट झाल्यावर कुकर कुणी लावायचा हे तिकडे आधीच ठरलेलं असतं.

पोरं सांभाळायला समुद्र ओलांडण्याची चाल काही नवी नाही. 'आया' हा शब्दच पोर्तुगिजांनी आणून दिलेला. ब्रिटिश अमदानीत साहेबाची मुलं सांभाळत कितीतरी आया बोटीनं विलायतेला गेल्या, आणि तिथं उतरल्यावर गरज संपली म्हणून त्यातल्या अनेकींना परतीच्या तिकिटाशिवाय सोडून देण्यात आलं. अशा बायकांसाठी लंडनच्या हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर एक घर होतं. २०२२ साली त्याला निळी स्मारकपाटी लागली. हे भाचीनं कुठंसं वाचलेलं, राणी चन्नम्मात आजीला सांगितलं. सकाळी बंगळूरला उतरल्यावर आजीचं लेखकाशी पहिलं वाक्य होतं, "माझं परतीचं तिकीट काढलंय ना रे?"

काढलं होतं. लेखकानं छापून दाखवलं तेव्हा बॅगा उघडल्या.

बॅगांच्या वजनाची त्याच्या घरी एक पद्धत आहे. लेखक बॅग छातीशी धरून वजनकाट्यावर उभा राहतो, मग बॅग ठेवून एकटा उभा राहतो, आणि वजाबाकी करतात. यात बॅगेचं वजन कधी नीट कळत नाही. लेखकाचं मात्र चारचौघांत जाहीर होतं. "बॅग तेवीसची आहे," आजी म्हणाली, "जास्तीचं तुझंच आहे."

मग निघाली खोबऱ्याची वाटी. अख्खी, सुकी, बाळाच्या बारशाला म्हणून जपून आणलेली. सुकं खोबरं विमानवाहतुकीच्या नियमांत आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांमध्ये मोडतं, त्यामुळे ते सामानात नेता येत नाही, हे लेखकाला अकरा आज्यांच्या अनुभवानं पाठ होतं. आजीला पटेना. "साठ वर्षं माझ्या फडताळात आहे. कधी पेटलं?" कढीलिंबाची ताजी डहाळी निघाली, लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी कीड तिच्यावरून जाते म्हणून अमेरिका ती जप्त करते. भाचीच्या बॅगेतून बेळगावी कुंदा निघाला. दुधाचे पदार्थ प्रवाशांनी युरोपात न्यायचे नसतात. कुंदा लेखकानं उभ्या उभ्या संपवला. नियमाचा भंग होऊ नये म्हणून.

शेवटी निघालं पपनस. लेखकाच्या कचेरीतला एक सहकारी देवनहळ्ळीचा. त्यानं मुद्दाम घरच्या झाडाचं दिलेलं, छोट्या कलिंगडाएवढं. आजीनं ते साडीत गुंडाळून हातातल्या पिशवीत ठेवलं होतं. "देवनहळ्ळीहूनच चाललोय, मग देवनहळ्ळीचं काहीतरी नको?" ताजं फळ ना फ्रँकफर्टला चालणार, ना नेवार्कला. पपनस गाडीत मागच्या सीटवर बसलं आणि तेवढ्यापुरतं तेही निरोप द्यायला आलं.

हेब्बाळला तासभर गेला. विमानतळाच्या वाटेवर दिव्यांत न्हालेला केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा दिसला तसं लेखकाचं भाषण सुरू झालं. अकरा वेळा झालेलं, आता त्यात चुका होत नाहीत. ११ नोव्हेंबर २०२२ ला अनावरण, ब्राँझ, आणि शिल्पकार राम सुतार, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. "आपले?" आजी काचेला नाक लावून म्हणाली. मग बराच वेळ ती त्या पुतळ्याकडे, माहेरच्या माणसाकडे बघावं तसं बघत राहिली.

टर्मिनलच्या दाराशी चाकांच्या खुर्च्यांची रांग. त्या खुर्च्यांत सगळ्या आज्या: नऊवारी, पाचवारी, सलवार-कमीज, पायात नवे कोरे बूट. आजीही बसली. ही आजी टिळकवाडीत रोज सकाळी चार फेऱ्या मारते. मागं राहणाऱ्यांना नावं ठेवते.

"आई, पाय दुखतायत का?"

"छे. पण खुर्चीला इंग्रजी येतं, मला येत नाही."

दाराशी पहारा असतो, तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. भाचीनं वाकून नमस्कार केला, ताईनं बेळगावहून फोनवर रडायला सुरुवात केली, आणि मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून निरोपसमारंभ आटोपता घेतला. खुर्ची फिरली. आत जाताना आजी खुर्ची ढकलणाऱ्या पोराला विचारत होती, तुझी ड्युटी किती तासांची असते रे?

पुढच्या बातम्या फोनवर येतात. जर्मनीतल्या त्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे थंड पाव, चीज आणि काकडी, हे कळल्यावर आजीनं दोन दिवस हळहळ केली. मुलं सातला झोपतात. म्हणजे झोपायला हवीत. पहिल्याच आठवड्यात धाकटी झोपेना, तेव्हा भाचीनं घाईघाईनं आजीला फोन लावला. जर्मनीत संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत दुपारचा एक. आजी नव्या नातीला मांडीवर थोपटतच होती. तिनं फोन स्पीकरवर ठेवला आणि एकाच अंगाईत दोन खंडांतल्या दोन पोरी झोपवल्या. आता हे रोजचं झालं आहे. यजमानीणबाई भाचीच्या गोड गळ्याचं कौतुक करतात, भाची मान खाली घालून ते घेते, आणि हा अर्धा तास कुणाच्या तीस तासांत धरायचा यावर भावोजींनी कुणी न विचारता मत दिलं आहे.

आजीचा रविवार कराराप्रमाणे पाळला जातो. पहिल्या रविवारी तिनं चौदा माणसांच्या पुरणपोळ्या केल्या. सूनबाई चिडल्या तर म्हणाली, "सुटी होती म्हणून निवांत झाल्या." डिशवॉशर ती वापरते, आधी सगळी भांडी घासून स्वच्छ करते आणि मग त्यात लावते.

पपनस लेखकानं तिखटमीठ लावून एकट्यानं खाल्लं. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला सांगलीहून कुणाच्या तरी विहीणबाई येणार आहेत, सिंगापूरला नातू झाला आहे. त्यांना आणि देवनहळ्ळीहून उडणाऱ्या समस्त आज्यांना एकच विनंती: खोबऱ्याच्या वाट्या घरीच ठेवून या. प्रस्तुत लेखकाकडे सध्या सात जमल्या आहेत.